दाराजवळची जागा

आमच्या तुडीलमध्ये कुठला नळ कुठल्या बाजूला फिरवायचा हे कुणाला विचारावं लागत नाही. प्रत्येक नळावर, प्रत्येक व्हॉल्व्हवर लाल रंगाचा बाण असतो आणि त्याखाली वाकड्या अक्षरात ‘उघडा’ असं लिहिलेलं असतं. हे काम माझ्या मामाचं. श्रीपतमामानं ग्रामपंचायतीच्या नळपाणी योजनेवर तीस वर्षं गावाला पाणी सोडलं. बाणांचं वेड असं, की घरातल्या सिलिंडरवर बाण, कपाटाच्या कडीवर बाण, संडासाच्या खिटीवरसुद्धा बाण. मामी म्हणायची, “एक दिवस माझ्या तोंडावर पण काढा, कुठनं उगडतो ते.” मामा हसायचा नाही. बाकी कशावरही त्याची थट्टा करा, बाणावर केलेली त्याला खपायची नाही.

दुसरं वेड एसटीचं. गाडीत तो एकाच जागी बसणार, मागच्या संकटकालीन दाराशेजारी. बसला की आधी त्या दाराचा दांडा चाचपून बघायचा, जरासा हलवायचा, मगच पिशवी मांडीवर घ्यायची. महाड डेपोचे जुने कंडक्टर त्याला ओळखतात. ती जागा भरलेली असली तर गाडी सोडून द्यायची. एकदा मी बरोबर असताना स्टँडवर त्यानं तीन गाड्या सोडल्या. भर वैशाखातलं ऊन. मी कोर्टात क्लार्क आहे, दिवसभर तारखा मागणाऱ्या माणसांशी डोकेफोड करून आलेली. मी त्याला चारचौघांत नको नको ते बोलले. तो खाली मान घालून उभा राहिला आणि चौथ्या गाडीत दाराशेजारी जाऊन बसला.

का बसतो ते सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं आम्हाला वाटत होतं.

मी पाच वर्षांची असताना पोलादपूरकडच्या एका लग्नाहून आमचं वऱ्हाड खासगी बसनं परत येत होतं. वळवाचा पाऊस झोडपत होता. एका मोरीवर बस घसरून ओढ्यात गेली आणि पाणी आत चढायला लागलं. त्यात सहा माणसं गेली. माझी आई चंपाबाई त्यातली एक. मला मामानं मागच्या काचेतून बाहेर काढलं. मला त्यातलं काही आठवत नाही, फक्त नाकात गेलेलं गढूळ पाणी आठवतं. बाप नंतर मुंबईला गेला तो गेलाच. मामानं मला वाढवलं, शिकवलं, माझं लग्न लावलं. बुद्धवंदना असो की बारसं, कुणीतरी म्हणायचंच, “श्रीपतनं पोर वाचवली.” आणि मामा उठून बाहेर जायचा. मला वाटायचं, लाजतो.

यंदा त्याच्या मुलाला, अश्वजितला मुलगी झाली. अश्वजित नागपूरला असतो. नाव ठेवायला आत्या पाहिजे, म्हणजे मी, आणि आजोबा तर पाहिजेच. मामीच्या माघारी घरातलं हे पहिलं कार्य. मामाच्या कमरेला रेल्वेतले चौदा तास झेपणार नव्हते, म्हणून अश्वजितनं विमानाची तिकिटं काढायचं ठरवलं आणि फोनवर विचारलं, “दादा, जागा कुठली पायजे? खिडकीची?”

मामा म्हणाला, “संकटाच्या दाराजवलची.”

आमच्या ऑफिसात प्रवीण नावाचा एकजण आहे, तो तीनदा विमानात बसलाय आणि त्यामुळे त्याचे पाय अजून जमिनीला लागत नाहीत. त्यानं मला ऐकवलं. पुढं बसा, शेपटाकडे हेलकावे जास्त. खिडकी घेतलीत तर दर वेळी उठताना दोघांच्या पायांवरून जा. आणि त्या दाराजवळ पाय पसरायला मिळतात म्हणून लोक हुरळून जातात, पण खुर्चीची पाठ मागे जात नाही, पिशवी जवळ ठेवू देत नाहीत, दोन खुर्च्यांमधला हात वर होत नाही, दारातून गारठा येतो. “वर जबाबदारी वेगळीच,” तो म्हणाला. कसली ते मी विचारलं नाही. त्याचं भाषण संपावं एवढीच माझी इच्छा होती. तिथं माझं चुकलं.

आम्ही विमानात शिरलो. चाळीशी उलटलेली बाई मी, पण त्या बारीक बोळातून चालताना मला परत काचेतून कुणीतरी ओढून काढावं असं वाटायला लागलं. मामा मात्र सरळ आपल्या रांगेत गेला आणि खिडकीशी बसला. दार म्हणजे भिंतीतच बसवलेला एक मोठा तुकडा होता. वर लाल अक्षरं आणि त्याखाली लाल बाण.

“बाण हाय गो,” मामा म्हणाला. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू रंग त्यानंच लावलाय.

हवाईसुंदरीनं येऊन त्याची पिशवी मागितली. इथं पायाशी काही ठेवायचं नाही म्हणाली. पिशवीत बाळासाठी शिवलेली गोधडी होती, मामीच्या जुन्या लुगड्यांची. मामानं ती छातीशी धरली होती. मी जवळजवळ हिसकावूनच वर ठेवायला दिली. गोधडी गेल्यावर त्याचे हात मोकळे झाले. मोकळ्या हातांना सवय एकच. मी पट्टा शोधत होते तेवढ्यात बघते तर मामाचा उजवा हात वर गेलेला, बोटं बाणाखालच्या झाकणावर टेकलेली. दांडा चाचपून बघायचा, जरासा हलवायचा.

मी त्याच्या मनगटावर असा फटका मारला की पुढची माणसं वळून बघायला लागली.

“एसटी आहे का ही तुझी?” मी दात खाऊन म्हणाले. “दार निघालं हातात तर पोलीस नेतील, कळतंय?”

“उगडतो का ते बघत होतो.”

“नाही बघायचं. हात मांडीवर ठेव.”

त्यानं हात मांडीवर ठेवले. आता मला वाटायला लागलं की विमान उडेपर्यंत हे हात मलाच सांभाळायचे आहेत. मी त्याचं मनगट धरूनच बसले.

मग ती मुलगी पुन्हा आली. मराठीच होती. आमच्या रांगेपुढे उभी राहून शांतपणे म्हणाली, “काका, काही संकट आलं आणि आम्ही सांगितलं तर हे दार तुम्हाला उघडावं लागेल. आधी बाहेर आग किंवा पाणी नाही ना ते बघायचं. मग झाकण काढून दांडा खाली ओढायचा आणि दार बाहेर ढकलायचं. जमेल ना? तोंडानं हो म्हणा.”

हीच ती जबाबदारी. मी म्हटलं, म्हणेल हो. ज्या माणसाला सगळं गाव वाचवणारा म्हणतं, तो आणखी काय म्हणणार?

मामानं बाणाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“नाय जमणार, ताई,” तो म्हणाला. “मागं एकदा नाय जमला.”

तिनं मागच्या रांगेतल्या खिडकीशी बसलेल्या एका तरुणाला पुढे बोलावलं, मामाला त्याच्या जागी बसवलं आणि मला म्हणाली, “मॅडम, तुम्ही दाराशी बसाल? जमेल?” मी हो म्हणाले. माझं डोकं मामाच्या वाक्यात अडकलेलं होतं, नुसतं तोंड हो म्हणालं. ती गेल्यावर कळलं की आता ते दार माझं आहे, आणि झाकण काढायचं की दांडा आधी ओढायचा हेही मला आठवत नाही.

विमान धावायला लागलं तेव्हा मी समोरच्या खिशातला सूचनांचा कागद काढून चित्रं बघत होते. एकही चित्र डोक्यात शिरत नव्हतं. दाराच्या फटीतून खरंच गारठा येत होता, डावा दंड बधिर झाला होता. पाठ मागे जात नव्हती. जमीन सुटली आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, की दीडशे माणसं माझ्या भरवशावर बसलीत आणि त्यांना ते माहीत नाही.

अर्ध्या तासानं ढगात शिरलो आणि विमान आदळायला लागलं. एकदा असं खाली गेलं की शेजारच्या तरुणानं डोळे मिटून घेतले. मागून, माझी खुर्ची आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून मामाचा आवाज आला. आधी वाटलं त्रिसरण म्हणतोय.

“खाली ओढायचा,” तो पुटपुटत होता. “आधी भायेर बघायचा. मंग झाकण. मंग दांडा खाली. उज्वला, ऐकतेस का गो? खाली.”

“ऐकतेय.”

“तो वर उचलायचा होता.”

मला मागे वळता येत नव्हतं. पट्टा आवळलेला होता. मी भिंतीला गाल लावून विचारलं, “कुठला?”

“त्या बसचा. मी दाराशीच बसलो होतो. तुझी आय माझ्या पुढच्या शिटावर. शीट तिच्या पायावर आली होती. भायेर माणसा उभी होती, दार उगडला असता तर आत आली असती, उचलला असता तिला.” विमान पुन्हा खाली गेलं. “मी दांडा खाली दाबत ऱ्हायलो. सगला जोर लावून खाली. आणि तो वर उचलायचा होता गो. दुसऱ्या दिवशी बस भायेर काढली तवा बघितला. येका बोटानं उगडला.”

मला राग यायला हवा होता. मी रागीट आहे, सगळं कोर्ट सांगेल. छत्तीस वर्षं हा माणूस माझ्या ताटात भात वाढत होता आणि बोलला नव्हता. पण राग आला नाही, भीतीच वाढली. शेजारी दार होतं, दांडा होता, आणि आता हात माझे होते. त्या बसमध्ये त्याच्या जागी मी असते तर मीही खालीच दाबला असता.

“आई काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हनाली, श्रीपा, दार सोड. पोरीला घे.”

मी डावा हात त्या फटीतून मागे घातला. त्यानं बोटं पकडली, आणि नागपूर येईपर्यंत सोडली नाहीत. माझा दंड आखडून गेला. उजव्या हाताचं बोट मी चित्रावर ठेवलं होतं आणि मनात म्हणत होते, बाहेर बघ, झाकण, दांडा खाली, ढकल. पुन्हा बाहेर बघ, झाकण.

चाकं टेकली. लोक लगेच उभे राहिले, वरून सामान ओढायला लागले. मी गोधडीची पिशवी काढली. मामा बोळात उभा होता आणि मागच्या गर्दीला पाठीनं थोपवून धरत होता.

“तू हो म्होरं,” तो म्हणाला. “मी येतो मागून.”

हे वाक्य मी जन्मभर ऐकलंय. एसटीतून उतरताना, होडीतून उतरताना, पुरात घर सोडताना. तू हो म्होरं. मला आजवर त्याचा कंटाळा यायचा.

“नाही,” मी म्हणाले. “आज तू आधी.”

तो हलेना. मागची माणसं कुरकुरायला लागली. मी पिशवी त्याच्या छातीशी दिली, त्याच्या दंडाला धरून त्याला पुढे काढलं आणि स्वतः त्या दाराशेजारी, बाणाखाली उभी राहिले. त्यानं दोनदा मागे वळून बघितलं. तो बाहेर पडलेला दिसेपर्यंत मी जागची हलले नाही.