नवऱ्याच्या नावानं सांगितलेलं

त्या वर्षांत मी ब्रह्मपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि सुट्टी लागली की मेलेल्या माणसांचा माग काढत हिंडत होतो. मरणानंतर माणसाचं काही उरतं का, यावर मला पुस्तक लिहायचं होतं. सहा वर्षं वरोऱ्यापासून अहेरीपर्यंत फिरलो. कुठे मागचा जन्म सांगणारी पोर, कुठे अंगात येणारा म्हातारा. दोन दिवस नीट विचारपूस केली की सगळं उसवायचं. मी पुरता थकलो होतो, पण पुस्तक डोक्यातून जात नव्हतं.

अशात वैनगंगेकाठच्या एका मासेमाराच्या विधवेची हकीकत कानावर आली. पुरात तिचा नवरा डोंग्यासकट, त्याच्या लहानशा नावेसकट बुडाला. गावचे पुरुष तीन दिवस प्रवाहाच्या खालच्या अंगाला, लांबवर शोधत राहिले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, नवरा सपनात आला, वळणावरच्या डोहात आहे म्हणाला. प्रेत तिथेच सापडलं. तेव्हापासून हरवलेल्या बैलापासून पळून गेलेल्या सुनेपर्यंत सगळं विचारायला लोक तिच्या दारात येऊ लागले.

उन्हाळ्यात बैलगाडीनं तिथे गेलो. ती थोरल्या दिराच्या घरी राहत होती. दोन दिवस मी खोदून खोदून विचारलं. आवाज कसा होता, अंगावर काय होतं, आधी कोण बोललं. ती तुटक उत्तरं देत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी जाळं सांधता सांधता तिनं सुई खाली ठेवली.

"थकली मी, गुरुजी. सपन-बिपन काई नाई पडलं."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"पूर आला का त्या वळणावर पानी उलटं फिरते. वाहून आलेलं सारं तिथीच अडकते. दहा वर्सं त्याच्यासंगं डोंग्यात बसली मी."

"मग तसंच का नाही सांगितलं?"

"सांगतली ना पयल्याच दिवशी! कोनी आयकूनच नाई राह्यलं. दीर म्हने, बाईमानसाले नदीतलं काय समजते? मंग नवऱ्याचं नाव घेतली."

मी वहीत लिहू लागलो, तशी तिनं माझा हात धरला.

"लिवू नोका. आता दीरबी मले इचारल्याबिगर जाळं टाकत नाई."

मी पान फाडून तिच्या हातात दिलं. तिनं ते चुलीत घातलं.

पुढे पुस्तक निघालं, बारीकसं. त्या हकीकतीची चर्चा तोवर जिल्ह्याच्या गावी, चांद्यापर्यंत पोचली होती. एका वकिलांनी पत्र लिहून विचारलं, तुम्ही स्वतः जाऊन आलात, मग ती घटना पुस्तकात का नाही? मी लिहिलं, पुरावा अपुरा पडला. इतक्या वर्षांत या कामात मी लिहिलेलं ते पहिलं खोटं वाक्य. त्याचं वाईटही वाटलं नाही. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन भर दुपारी झोपलो. पुढच्या सुट्टीत कुठे गेलो नाही.