कल्ल्यावरचा कापूस

कडुबा हिवराळे यांनी पिशोरच्या जनावरांच्या दवाखान्यात तेहतीस वर्षं ड्रेसर म्हणून काढली. पोट फुगलेल्या म्हशी, शिंग मोडलेले बैल, किडे पडलेल्या जखमा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. निवृत्त झाल्यावर ते आणि पारूबाई लेकीकडे, निशाकडे, शहरातल्या उस्मानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहायला आले, आणि कडुबांचे हात रिकामे झाले. गॅलरीत कबुतरं यायची, पण त्यांतलं एकही आजारी पडत नव्हतं.

निशाने काचेच्या टाकीत एक ॲक्सोलॉटल पाळलं होतं. वीतभर लांब, गुलाबी, चार पायांचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लाल कल्ले. जन्मभर पाण्यातच राहणारं. पारूबाई त्याला पाल म्हणत आणि त्याच्याकडे पाठ करून जेवत. निशाने नाव ठेवलं होतं गुलाबो.

मे महिन्यात निशा ऑफिसच्या ट्रेनिंगला बारा दिवस नागपूरला गेली. जाताना बजावून गेली, "बाबा, पाणी अठरा अंशांच्या आसपासच ठेवा. फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या आलटून पालटून टाकीत सोडायच्या."

तिसऱ्या दिवशी कन्नडहून पाहुण्यांनी आंब्याची पेटी पाठवली. पारूबाईंनी फ्रीजरमधल्या बाटल्या ओट्यावर काढल्या आणि तिथे आमरसाचे डबे रचले. कडुबांनी टाकीचा थर्मामीटर पाहिला. सव्वीस. म्हशीचं अंग अडतीसच्या वर असतं, त्या मानाने हे जनावर चांगलं गार आहे, असं म्हणून ते निर्धास्त झोपले.

दोन दिवसांनी गुलाबोच्या डाव्या कल्ल्यावर पांढरं काहीतरी दिसलं.

"केस पिकले तिचे," पारूबाई म्हणाल्या. "म्हातारी झाली."

"कापूस दिसतोय," कडुबांनी चष्मा काचेला टेकवला.

"मग काढा की चिमट्यानं! आणू का?"

"हात लावू नको!" कडुबा ओरडले. त्यांनी ड्रॉपरने कल्ल्यावर पाण्याची हलकी धार सोडली. घाण असती तर निघून गेली असती. हा कापूस पाण्यात नुसता डोलला. मुळाशी कल्ल्याचं टोक खरचटलेलं होतं, आणि त्यातूनच तो उगवल्यासारखा दिसत होता. गुलाबोने सकाळी खायला दिलेलं गांडूळही तसंच सोडलं होतं.

"बुरशी हाय," ते खाली बसत म्हणाले. "ओढली तर कल्ला बी संगं यील."

त्यांनी निशाला व्हिडिओ कॉल लावला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, पाणी किती अंश आहे?"

कडुबांनी पारूबाईंकडे पाहिलं. पारूबाईंनी छताकडे. मग कडुबांनी फ्रीजर उघडून फोन त्याच्यासमोर धरला.

"आई, आधी आमरस बाहेर काढ," निशा म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. गुलाबोला वेगळ्या टबात ठेवायचं. टबातलं सगळं पाणी रोज बदलायचं, गार आणि क्लोरीन नसलेलं. शिवाय दिवसातून एकदा दहा मिनिटं काळ्या चहाच्या पाण्यात सोडायचं. चहा बुरशीला मारक असतो.

"रोज सगळं पाणी?" पारूबाईंचा आवाज चढला. "नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय. माझी अंघोळ बादलीभर पाण्यात, अन् हिची टबात?" पण पिंपात कित्येक दिवस साठवलेल्या पाण्यातला क्लोरीनचा वास कधीच उडून गेलेला होता, म्हणून निशाला तेच हवं होतं. पारूबाईंनी कपडे धुणं दोन दिवस पुढं ढकललं, पण ते कुणाला कळू दिलं नाही.

चहाचं काम त्यांच्याकडेच आलं. पाच मिनिटांत त्या पातेलं घेऊन आल्या. कडुबांनी वास घेतला.

"पारू, यात आलं हाय."

"घशाला बरं पडतं."

"अन् साखर?"

"चिमूटभरच टाकली. आजारी जीवाला बिनसाखरेचा कसा द्यायचा?"

"अगं, ती पिणार नाय, त्यात बसणार हाय!"

तो चहा दोघांनी प्यायला. दुसरा नुसत्या पत्तीचा झाला, गाळून टबातल्या पाण्याइतका गार केला. कडुबांनी गुलाबोला ओंजळीने त्यात सोडलं आणि घड्याळ धरून बसले.

त्यांनी वहीत केसपेपरही आखला. मालकाचं नाव निशा. गाव उस्मानपुरा. जनावराचा प्रकार: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, इतर. "इतर"वर खूण करताना तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा पेन अडला.

सगळ्यात अवघड होतं ते तिचं गप्प राहणं. बैलाला दुखलं की तो हंबरतो, लाथ मारतो, निदान डोळे फिरवतो. गुलाबोचं तोंड मुळातच हसरं. कडुबा तासन्‌तास टबाजवळ बसून त्या हसऱ्या तोंडाकडे पाहत राहायचे. "दुखतंय का गं?" असं त्यांनी एकदा विचारलं, आणि पारूबाई आत आहेत ना, याची मान वळवून खात्री करून घेतली.

उपचाराच्या चौथ्या दिवशी कापूस करडा पडला. सहाव्या दिवशी पाणी बदलताना तो कल्ल्याच्या खरचटलेल्या टोकासकट आपोआप गळून टबाच्या तळाशी बसला. सातव्या दिवशी गुलाबोने गांडूळ गपकन गिळलं, तेव्हा पारूबाईच मोठ्यांदा म्हणाल्या, "खाल्लं! खाल्लं बघा बाईनं!"

निशा परतली तेव्हा कल्ल्याच्या झडलेल्या टोकाच्या जागी बारीक लाल कोंब फुटत होते. "पुन्हा पूर्ण येईल," ती म्हणाली. "पाय तुटला तरी नवा येतो."

कडुबांना राहवेना. त्यांनी पिशोरच्या आपल्या जुन्या साहेबांना, डॉक्टर अप्पारावांना फोन लावला आणि सगळी केस सांगितली. चहाचं स्नान, गळलेला कापूस, नवा फुटणारा कल्ला, तुटला तर परत उगवणारा पाय.

डॉक्टरांनी "पाय उगवतो?" असं दोनदा विचारून घेतलं.

"कडुबा," डॉक्टर शेवटी काळजीने म्हणाले, "मे महिना हाय. उन्हात हिंडू नको. फोन जरा पारूबाईंकडं दे."