मांडवांच्या सणाची खबर

साल २०१२. माझं वय चौपन्न, हुद्दा हवालदार, आणि नोकरी गडचिरोली जिल्ह्यातल्या जंगलपट्टीत. शिक्षण सातवी, तेही दोन खेपांत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी स्वतःची थोडी तारीफ करणार आहे आणि ती माझ्या हक्काची आहे. नोकरीतली पुष्कळ प्रकरणं विसरलो, पण हे डोक्यातून जात नाही. नाव कुणाचंच देत नाही. माणसं अजून त्याच गावांत राहतात.

पाऊस सरला होता, धान निसवलं होतं. सकाळी मी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर बसलो होतो, तेव्हा फोन वाजला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"साहेब, नदीकाठच्या पडीक वावरात पानाच्या झोपड्या उभ्या झाल्या. नदीपलीकडले लोकं आले हायेत. तांदळाचे कट्टे उतरले. दलमवाले असतीन."

"नाव काय तुमचं?"

"नाव कायले पायजे? या अन् घेऊन जा त्यायले. फक्त शेवटच्या झोपडीकडं जाऊ नका. तिथी एक पोटुशी बाई हाय."

फोन बंद झाला.

पानांच्या झोपड्या, परकी माणसं आणि तांदळाची पोती, ही तिन्ही एका खबरीत आली की आमच्या भागात त्याचा अर्थ दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची टोळी, आणि पुढचं काम ठरलेलं असतं. मी ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली आणि साहेबांना सांगितलं. साहेबांनी वर कळवलं. संध्याकाळी कमांडो पार्टी नदीच्या बाजूनं जाईल, असं ठरलं. यात साहेबांची चूक नव्हती. खबर खरी असली आणि आपण बसून राहिलो, तर आपलीच पोरं तिरंग्यात गुंडाळून येतात. तेही मी पाहिलेलं आहे.

पण ती पोटुशी बाई मला सोडेना. दलमची खबर देणारा माणूस स्वतःच्या जिवाला घाबरून बोलतो. हा दुसऱ्याच कुणाला वाचवत होता.

"साहेब, मी आधी पाहून येतो," मी म्हटलं.

"एकटे? तुम्हाला काही झालं तर मी काय उत्तर देऊ?"

"म्हणा, म्हातारा ऐकत नव्हता."

साहेब हसले नाहीत. मी पण टेबलासमोरून हललो नाही. शेवटी ते म्हणाले, "पार्टी निघायच्या आत परत या. उशीर झाला तर मला ती थांबवता येणार नाही."

मी वरदी उतरवली, पायजमा घातला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि सायकल काढली. हत्यार घेतलं नाही.

वावर दिसायच्या आधी ढोलकी ऐकू आली. लपून बसणारा माणूस ढोलकी वाजवत नाही, हे समजायला फार शिक्षण लागत नाही. झोपड्या एका ओळीत होत्या, रस्त्याकडून नदीकडं. बांबूचे खांब आणि वर जांभळीचे, शिंदीचे फाटे. आत काकड्या, सीताफळं, मक्याची कणसं टांगलेली. मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरून बायामाणसं गाणी म्हणत होती. एक कडवं मराठीत, एक गोंडीत, आणि नदीपलीकडचे पाहुणे तेलुगूत. मी मागं जाऊन बसलो.

शेजारच्या आजीनं विचारलं, "कुठून आले भाऊ?"

"इकडूनच. ढोर हरवलं, ते पाहून राह्यलो."

आजीनं माझ्या घोट्याकडं पाहिलं. "ढोर धुंडणाऱ्याच्या पायाले बुटाचा वळ नाई राहत. पोलीस होय ना तुमी? बसा, बसा. देवाले पोलीस बी चालते."

आजूबाजूच्या बाया खळखळून हसल्या. माझं सोंग तिथंच संपलं.

प्रार्थना आटोपल्यावर त्यांचे पाळक, म्हणजे पास्टर, जवळ आले. पूर्वी तलावात जाळं टाकणारा माणूस, अंगानं काटक. त्यांना राग आला नव्हता. म्हणाले, "हवालदारभाऊ, हा आमचा मांडवांचा सण. बायबलातले लोकं मिसर देशातल्या गुलामीतून सुटले अन् रानात झोपड्यांत राह्यले. देवानं त्यायले तिथी सांभाळलं. त्याची आठवण म्हणून आमी घरं सोडून पानाखाली राहतो."

मी एका मांडवात शिरून वर पाहिलं. पानांमधून आभाळ दिसत होतं.

"छप्पर असं विरळ काऊन? पाणी आलं तर?"

"तर भिजाचं," मागून आजी म्हणाली. "आभाळ दिसलं पायजे, तसा रिवाज हाय."

जंगलातले तळ मी पाहिलेत. तिथं खाली प्लास्टिक, वर पाला, त्यावर पुन्हा पाला. वरून कुणाला दिसू नये म्हणून सगळी धडपड. ही माणसं देवाला दिसावं म्हणून छपराला भोकं ठेवून बसली होती. माझी खात्री पटली. तांदूळ चुलीवर शिजत होता, तोही मासोळीच्या कालवणासोबत खाऊन पाहिला.

मग मी रस्त्याकडून शेवटच्या, म्हणजे नदीजवळच्या मांडवाकडं गेलो. एक पोर भिंतीच्या फाट्यांना टेकून बसली होती, दिवस भरत आलेले.

"पहिलीच खेप काय, बाई?"

"हो."

"मंग माहेरी नाई गेलीस?"

तिनं मान खाली घातली. "बाबा म्हणते, तू ये, पण तुह्या बायबलवाल्या नवऱ्याले आणू नोको. मी कशी जाऊ, भाऊ? काल बाबा बांधावर उभे होते. म्या हाक मारली तर निघून गेले."

मी तिच्या बापाचं गाव विचारलं. जवळच होतं.

बाप ओसरीवर दोर वळत बसला होता. फोन तुम्ही केला का, असं मी विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस नाही म्हणतो आणि मग त्या नाहीलाच चिकटून बसतो.

"भाऊ, मी ठाण्यातून आलो. झोपड्यांची खबर पोचली. आज संध्याकाळी पार्टी जाते."

"कोणती खबर? मले काई माहीत नाई." आवाज तोच होता.

"बरं. शेवटच्या झोपडीकडं जाऊ नका, असं पार्टीले सांगू."

त्यानं श्वास सोडला. तो श्वास म्हणजे माझ्यासाठी जबाबच होता.

"पण एक सांगा," मी म्हटलं. "पार्टी बंदुका घेऊन नदीकडून येते. नदीकडून शेवटची झोपडी कोणती?"

त्याचा हात थांबला. तो मनातल्या मनात नदीवर जाऊन उभा राहिला असावा. मग दोर खाली पडला.

"नदीकडून तर... माही पोरगी पह्यली लागते."

"हो."

"बंदुका कायले, भाऊ? पास्टरले दोन रोज ठाण्यात बसवसान, सण मोडन, पोरगी घरी येईन, असं वाटलं मले. पह्यलं बाळंतपण हाय. ते माहेरीच होते ना?"

त्याला सायकलच्या मागं बसवून मी ठाण्यात आणलं. पार्टी गाडीत चढत होती. साहेबांनी त्याचं ऐकलं, मग माझं ऐकलं आणि वायरलेसवर वर कळवून पार्टी रद्द केली. खोटी खबर दिल्याबद्दल त्याचा जबाब झाला, अंगठा घेतला आणि कोर्टात हजर राहायच्या बोलीवर त्याला सोडलं. मी त्याच्यासाठी दया मागितली नाही. खोट्या खबरीनं माणसं मरतात, हे त्यालाही कळायला हवं होतं.

त्या कामाचं मला बक्षीस मिळालं नाही. काही घडलंच नाही, तर बक्षीस कशाचं देणार? पण नोकरीत मिळालेल्या सगळ्या शाबासक्या एका बाजूला आणि न झालेला तो गोळीबार एका बाजूला ठेवला, तर मी त्या न झालेल्या गोळीबारावरच हात ठेवीन. त्यानंतर नव्या पोरांना मी एकच शिकवलं. खबऱ्या कुणाला पकडा म्हणतो, ते कागदावर लिहा. कुणाला सोडा म्हणतो, ते डोक्यात ठेवा. बहुतेक वेळा प्रकरण तिथंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वरदी चढवायच्या आधी, मी त्या बापाच्या दारात गेलो. "चला," म्हटलं.

"कोणत्या तोंडानं येऊ, भाऊ?"

"ज्या तोंडानं फोनवर बोलले, त्याच."

त्याच्या बायकोनं आतून पोह्यांची पिशवी आणून त्याच्या हातात कोंबली. पिशवी मांडीवर धरून तो सायकलच्या मागं बसला. वावराच्या बांधावर उतरला आणि तिथंच खिळला. ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून जावई चालत आला, त्यानं सासऱ्याच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढं चालू लागला. म्हातारा त्याच्या मागं गेला. मी सायकल वळवली आणि ड्युटीवर गेलो.