‘येते हं’ म्हणून गेलेला आवाज

मी गणित शिकवतो. भुतंखेतं, संकेत, पूर्वसूचना — असले विषय निघाले की स्टाफरूममधून उठून जाणारा माणूस. तरी हे लिहितोय, कारण यात माझी एक चूक अडकली आहे आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही ग्वाल्हेरला, थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, माधुरीला, गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. शहराच्या लष्कर भागातल्या एका हॉस्पिटलात पिशवी काढली. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर मॅडमनी मला एकट्याला आत बोलावलं.

"लो रिस्क है, मास्टर साहब. लौटने का चांस कम है. पर सॅम्पल दिल्ली भेजकर एक जाँच और करा लें, तो अंदाज़ा पक्का हो जाएगा."

"कम है ना? फिर रहने दीजिए," मी म्हणालो. माधुरी बाहेर बाकावर बसली होती. तिला विचारलंच नाही. बाहेर येऊन सांगितलं — संपलं सगळं.

डिस्चार्जच्या दिवशी, सकाळी अकराचा सुमार. ती खाली ऑटोत बसली आणि मी राहिलेली फाईल आणायला वर गेलो. खोलीत फक्त आया चादर बदलत होती. फाईल उचलून वळलो, तोच कानाशी एका बाईचा आवाज... स्वच्छ मराठीत.

"येते हं."

मी आयाला विचारलं, "अम्मा, कुछ कहा आपने?"

"नहीं तो, भैया."

आपल्यात निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. लहानपणी हजीरा मोहल्ल्यातली हिंदी बोलणारी पोरं यावरूनच चिडवायची — "जा रहे हो और कहते हो आता हूँ!" म्हणजे कुणीतरी निरोप घेतला होता... पण ‘येते’ म्हणून. भास असेल, असं म्हणून मी गप्प बसलो. पुढच्या तपासण्याही "बरी आहेस ना, मग?" म्हणत मीच टाळत नेल्या.

दीड वर्षानंतर, रविवारी दुपारी, मी पेपर तपासत होतो. दाराला आतून कडी. दारातून तोच आवाज —

"आले बरं का."

मी पेन ठेवून उठलो. आणि स्वयंपाकघरातून माधुरीनं विचारलं, "अहो, कोण आलंय?"

कडी काढली. जिन्यात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला मॅडमकडे नेलं. काही त्रास नसताना कशाला, म्हणून ती वाटभर कुरकुरत होती. आत जिथे टाके घातले होते तिथे छोटी गाठ सापडली. तुकडा तपासला, तेच निघालं. "वक़्त पर आ गए," मॅडम म्हणाल्या. रेडिएशन ठरलं.

त्या संध्याकाळी मी माधुरीला सगळं सांगितलं. दोन्ही आवाज... आणि ती न केलेली जाँच. ती मटार सोलत होती.

"पोरांनाही असंच शिकवता का, कमी म्हणजे शून्य?"

मग हळूच, "शरीर माझं होतं हो. मला विचारायचंत."

मी तिच्यासमोर बसून मटार सोलायला घेतले.

रेडिएशन संपलं त्या दिवशी मी मुद्दाम हॉस्पिटलच्या खोलीत मागे थांबलो, कान देऊन. पंखा फिरत होता. बाकी काही नाही.

मॅडम म्हणतात, आता चांस कमी आहे. तपासणीची तारीख आता माधुरी स्वतः कॅलेंडरवर लिहिते. आवाज कुणाचा, आणि तो तिलाही कसा ऐकू आला, हे मला आजवर उमगलेलं नाही. पण त्याहून एक गोष्ट जास्त छळते — या वेळी निरोप ऐकू आला नाही. ‘येते हं’ म्हणणारी ती या वेळी न सांगता गेली... की गेलीच नाही?