बंडवाला चुडामण आणि सात व्हायोलिनी

तोताराम अहिरे मास्तर धुळ्याच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. म्हणजे त्यांचा तास कधी गणिताला जायचा, कधी कवायतीला, आणि मास्तरांकडे उरायची सकाळच्या प्रार्थनेची पेटी. १९८७ साली बंद पडलेल्या एका संगीत क्लासने शाळेला सात व्हायोलिनी आणि एक धिप्पाड, खर्जात बोलणारा चेलो देऊन टाकला. हेडमास्तरांनी चेलोभोवती चक्कर मारून विचारलं, "ह्याचं झाकण कुठून उघडतं?"

मास्तरांनी आठ पोरी निवडल्या आणि दोन वर्षं घासून घेतल्या. मग जळगावच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी स्वतःची रचना बांधायला बसले. विषय होता चुडामण, इंग्रज साहेबाचा तंबू लुटून तापीपार सातपुड्यात पळालेला बंडवाला. शिंदखेड्याकडे राहणारी त्यांची फुई, म्हणजे आत्या, झुंबरबाई कापूस वेचताना त्याचं गाणं म्हणायची. तीच चाल मास्तरांनी घेतली, व्हायोलिनीवर घोड्याच्या टापा बसवल्या आणि पोरींना घेऊन फुईच्या ओट्यावर हजर झाले.

"हाई टकटक काय शे?" फुईने विचारलं.

"घोडा, फुई. चुडामण नदी ओलांडतोय."

"घोडा कोनी दिना त्याले? म्हैसवर बशीसन गया तो! सायबनी पाटलोन घालीसन!"

मास्तर हिरमुसून पोरींसह परतले. एवढा वीर, आणि म्हशीवर! पण विचार करता त्यांना पटत गेलं. भर पुरात घोडा बिचकला असता; म्हैस निवांत तरून गेली असणार. त्यांनी टापा खोडल्या, चुडामण सातही व्हायोलिनींवर ठेवला आणि म्हैस चेलोकडे दिली. चेलो वाजवणाऱ्या प्रमिलाच्या घरी आठ म्हशी होत्या. "सर, अशी नाही ओरडत," असं म्हणून तिने वर्गातच ओरडून दाखवलं. शेजारच्या वर्गातला भूगोल थांबला.

हेडमास्तरांना विषय कळला तेव्हा ते हादरले. "पाहुणे निवृत्त पोलीस अधिकारी आहेत आणि तुम्ही दरोडेखोर वाजवणार?" त्यांनी स्वतःच्या हाताने कार्यक्रमपत्रिकेवर नाव घातलं, 'सातपुड्यातील प्रभात'. मास्तरांनी मान डोलावली. नोकरी होती.

जळगावला पोरींनी जीव ओतून वाजवलं. मधेच चेलो असा काही हंबरला की अख्खं सभागृह खो-खो हसलं. पाहुण्यांनी विचारलं, "प्रभातीत हे काय?"

प्रमिला उभी राहिली. "म्हैस, सर. वर चुडामण बसलाय. साहेबाची पँट घालून."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. पाहुणे मात्र पुढे सरकून बसले. "आम्हाला लहानपणी घोडा सांगितला होता. पुन्हा वाजवा बघू, पळतो तिथपासून!"

पोरींनी पुन्हा वाजवलं. बक्षीस मात्र मिळालं नाही. रचनेचं नाव आणि आशय जुळत नाहीत, असा शेरा परीक्षकांनी मारला होता. हेडमास्तर तो कागद नाचवत आले, तेव्हा अकरा वर्षांच्या नोकरीत मास्तर पहिल्यांदा उलटून बोलले. "सर, म्हैस माझी होती. प्रभात तुमची."

सुट्टी लागल्यावर मास्तर पोरींना घेऊन एसटीने पुन्हा फुईकडे गेले, चेलोचं तिकीट काढावं की नाही यावर कंडक्टरशी भांडत. ओट्यावर सगळा गाव गोळा झाला. वाजवून झालं. मग फुई म्हणाली, "म्हैस बरी शे. चुडामण भलता जाड वाजस."

मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिथेच दोन व्हायोलिनी गप्प केल्या.