पत्र्यामागचं दार

लेक आता पहिलीत हाय, तरी टीव्हीत रेल्वेचा भोंगा वाजला की मी आधी लेकीचा दंड धरते, आन मग राग येतो. रागच जास्त. कावून, तर त्या स्टेशनचं काम अजून बी चालूच हाय म्हणं.

वडवणीच्या बाजूला आमचं गाव. त्या साली पाऊस न्हाई म्हंजी न्हाईच, ऊस उभ्या उभ्या वाळला, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलं, मग कोयत्याला कोण इचारतंय. आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात, तोडीला जोडीनंच जायचं. पण त्या साली जोडीला काम न्हाई, एकल्या गड्याला होतं. तालुक्याच्या मजूर सोसायटीनं मोठ्या शहरातल्या मोठ्या स्टेशनाचं काम धरलं होतं. चेअरमन आला, पारावर बसून सांगितलं, चार महिन्याचं काम हाय, फलाट नवा करायचा, जिना नवा करायचा, दिवाळीला सगळे घरी. आमचे हे गेले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, फलाट काय नवा होईना.

मग मीच गेले लेकीला घेऊन, महिनाभर. लेक तवा अडीच वर्षाची. जाऊन बघते तर काय, फरशी बसवलेली, मग कोण तरी सायब आला आन म्हणला ही घसरती, उखडा. उखडली. दुसरी बसवली तर खालून वायर न्यायची राहिली म्हणं, पुन्ना उखडा. आमच्याकडं पाझर तलावाचं असंच चालायचं, दर दुष्काळाला तीच माती इकडची तिकडं. पण तलावावर कुणाची गाडी सुटत न्हाई.

आन पत्रे. काम चाललंय तिथं उंच पत्रे ठोकायचे, आज इथं, उद्या तिथं. सकाळी ज्या वाटंनं माणूस आत आलं ती वाट संध्याकाळी न्हाईच. पत्र्यावर पाटी, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. मी सातवी शिकलेली, वाचता येतं मला. पाटीचा रंग उडून गेलता, तरी ते दिलगीरच.

महिना भरायच्या आतच गावाकडून फोन आला, आत्याबाई टँकरच्या गर्दीत पडल्या, मनगट मोडलं. आत्याबाई म्हंजी माझी सासू, एकटीच घरात, म्हणून मी निघाले. परळीपस्तोर रेल्वे, तिथून एसटी. हे म्हणले, चहाच्या सुट्टीत येतो, बसवून देतो. सुट्टी झाली, हे आले न्हाईत. मुकादमानं सोडलं न्हाई.

गाडी लागली. जनरल डब्याच्या दाराला माणसं मोहळावाणी लागलेली. काखंत लेक, डोक्यावर गाठोडं. आता मी जे केलं ते आमच्याकडची कुणी बी बाई करती. वडवणीच्या स्टँडवर एसटी आली की पहिलं लेकरू खिडकीतून आत. लेकरू बसलं म्हंजी जागा धरली. मग आई दाराकडून येती. आन कंडक्टर वरडतो, हे कुणाचं लेकरू हाय, आई चढली का, आन आई चढल्याबिगर घंटी मारत न्हाई. आजपस्तोर कुणाचं लेकरू गेलं न्हाई.

एक खिडकी बिनगजाची होती. आत एक म्हातारी. म्या म्हणलं, मावशी, एवढं लेकरू धरा, आलेच मी दुसऱ्या दारानं. लेकीला सांगितलं, मी येस्तोवर उठायचं न्हाई, कुणी काय बी म्हणलं तरी. आन वळले. ज्या दिवशी आले त्या दिवशी डब्याच्या त्याच बाजूच्या दारानं उतरले होते मी, तिथंच, त्या खांबापाशी. खांब होता. दार पत्र्यामागं गेलतं. अर्धा डबा पत्र्याच्या अलीकडं, अर्धा पलीकडं.

मी माघारी पळाले गर्दीच्या दाराकडं. पाय ठेवायला बोटभर जागा न्हाई. आन गाडी हलली.

हिथं कुणी इचारलं न्हाई आई चढली का म्हणून.

मी खिडकीसंगं पळाले, लेकीचं टकुरं दिसत होतं, ती माझ्याकडं बघत बी नव्हती, गप बसलेली. मग पुढं पत्रा आला. मी पत्र्यावर धडकले, दोन्ही हातांनी बडवायला लागले, काय वरडले ते मला ठावं न्हाई. पत्र्यामागून आवाज आला, आगं, काय झालं. हेच होते. म्या म्हणलं, पोरगी गाडीत हाय, उघडा. चार बोल्ट होते. आदल्या दिवशी ह्यांनीच आवळलेले, पक्के, मुकादमानं शाबासकी दिली असंल. एक एक बोल्ट निघायला जो वेळ लागला तो मी कुणाला माफ करणार न्हाई, नवऱ्याला बी न्हाई.

पत्रा उघडला तवा रूळ मोकळा होता. आमी त्या उखडलेल्या फलाटावरून पळालो, फळ्यांवरून, खडीवरून. माझी चप्पल तिथंच कुठंतरी पुरली असंल. लांब, सिग्नलच्या अलीकडं गाडी थांबलेली दिसली. त्या म्हातारीनं साखळी वढलती. तिचं नाव बी इचारायचं राहिलं.

पोलीस आमच्या आधीच डब्यात पोचलता. लेक उठंना म्हणं. तो वढत होता आन ती सीटला दोन्ही हातानं धरून बसलेली. मी चढले, तवा म्हणली, "आई, बस. जागा धरली."

मला तिथं बसता आलं न्हाई. आमाला खाली उतरवलं, गाडी गेली. चौकीत नेलं. पोलिसानं कागद लिहिला आन पुढं सरकवला, म्हणला, कर सही. मी वाचायला लागले. त्याला हसू आलं. म्हणला, "बाई, पेपर वाचती का?" मी एक एक अक्षर वाचलं. आईच्या निष्काळजीपणामुळे, असं होतं.

म्या म्हणलं, "सायब, दार पत्र्यामागं होतं. ते बी लिवा."

"पत्र्याचा काय संबंध? लेकरू काय पिशवी हाय का, खिडकीतून टाकायला?"

म्या ह्यांच्याकडं बघितलं. हातात अजून पाना तसाच. दारात मुकादम उभा. हे बोलले असते तर दुसऱ्या दिवशी सोसायटीनं ह्यांना घरी धाडलं असतं, आन घरी तर पाणी बी नव्हतं. हे सगळं कळत होतं मला. तरी वाटलं, एक शब्द बोलावं माणसानं. हे खाली बघत म्हणले, "कर सही, जाऊ दे."

लेक भुकंनं रडायला लागली. म्या सही केली. सातवीपर्यंत गिरवलेली ती चांगली सही.

दुसऱ्या दिवशी आमी मायलेकी बसनं गावाकडं आलो. हे त्याच फलाटावर अजून दीड वर्ष होते, मग पाऊस झाला, परत आले. परवा गावचा एक जण त्या शहरातून आला, म्हणला, फरशी पुन्ना उखडलीय.

तो कागद पोलिसांकडं कुठंतरी असंल, खाली माझी सही असलेला. म्हणून म्या हे लिवून ठेवलंय. लेक वाचायला शिकतीय. चूक माझी होती, मी न्हाई म्हणत न्हाई. पण दार पत्र्यामागं होतं.