रुमालाचा वास

कवठे येमाईच्या हरिबाची प्रगती ग्रंथालयशास्त्र शिकून आली, तेव्हा शेजारच्या अनसाबाईनं गावभर केलं की पोरगी पेपर राखायला शिकलीय. २००२ साल उजाडलं तरी प्रगतीच्या हाती एक पदवी आणि नऊ नकार. कायमच्या जागा कधीच आटल्या होत्या. जाहिरात आलीच तर कंत्राटी, आणि तीत ठळक अक्षरात कॉम्प्युटर. प्रगतीनं कॉम्प्युटर पाहिला होता, म्हणजे कॉलेजात, रांगेच्या शेवटी उभं राहून.

दहावी जागा शिरूरच्या एका जुन्या ट्रस्टच्या दप्तरखान्यातली. ही हुकली की हरिबा तिला पोल्ट्रीच्या ऑफिसात बसवणार, हे घरात ठरलेलं. प्रगतीला कोंबड्यांपेक्षा कागद आवडायचे.

तिच्या आधी तळेगाव ढमढेऱ्याचा मच्छिंद्र आत गेला, टाय लावून. टायनं जीव घुसमटत होता, पण बाहेर आला तो नोकरीची खुर्ची आपल्या मापानं शिवून घेतल्यासारखा. स्कॅनिंगवर दहा मिनिटं बोललो, म्हणाला.

आत टेबलावर तीन रुमाल होते, म्हणजे कापडात बांधलेली जुन्या कागदांची गाठोडी. सुरुवात कुठून कराल, असं मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं. तर या बयेनं एकेक रुमाल उचलला, गाठ सैल केली आणि सरळ नाक खुपसलं! धनगराची लेक, लोकर दमट आहे का, हे घरात नाकानंच बघायची रीत. हातांनी डोक्याला विचारलंच नाही. मॅडमच्या शेजारी बसलेले साहेब फिसकन हसले. प्रगतीचे कान तापले.

"वास कसला घेताय?" मॅडम म्हणाल्या.

आता लाजायला उरलं होतं काय? "मॅडम, हे दोन कोरडे हाईत. ह्यो तिसरा दमट हाय, बुरशी धरतीया. आधी ह्यो ठेवला व्हता ते कपाट बघावं लागंल, स्कॅनिंग मागनं."

कपाट नवंकोरं आहे, असं साहेबांनी सुनावलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेले जुने शिपाई शेखलालमामा थबकले.

"कपाट नवं हाय साहेब, भिंत जुनी. मागं नळ पाझरतोय. मार्चातच बोललो व्हतो मी."

कपाट ओढायला बाहेरच्या उमेदवारांनाही बोलावलं. मच्छिंद्रनं टाय खांद्यावर टाकून जोर लावला. मागची भिंत हात लावताच ओली लागली.

प्रगतीला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळाली. अट एकच, तीन महिन्यांत कॉम्प्युटर शिकायचा. पहिल्याच दिवशी तिनं दमट कागद सावलीत, पंख्याखाली पसरले. हसलेले साहेब कप हातात घेऊन कौतुक बघायला आले.

"साहेब, चहा भाईर," ती म्हणाली, आणि साहेब निमूट उंबऱ्याबाहेर उभे राहून प्यायले.